सुतावरून साम्राज्य : इंका अभ्यासाच्या उंबरठ्यावर

1532 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सिस्को पिझारो अवघी 168 माणसं घेऊन पेरूच्या डोंगरातल्या काहामार्का गावी पोचला. 16 तारखेच्या संध्याकाळपर्यंत इंकांचा राजा आतावाल्पा त्याच्या कैदेत होता. पुढची गोष्ट बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते: सुटकेच्या मोबदल्यात खोलीभर सोनं, ते हाती पडल्यावरही राजाची हत्या, मग कुस्कोची लूट. या मोहिमेत पिझारोचा चिटणीस असलेल्या फ्रान्सिस्को दे हेरेसने 1534 मध्ये सेव्हिलला आपला वृत्तान्त छापला. त्यात सोन्याचे हिशेब आहेतच. पण जाता जाता तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. काहामार्कात कापडाच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली घरं होती. सैनिकांनी हवं तेवढं उचललं, तरी ढीग कमी झाल्यासारखे दिसेनात.

सोन्याची खोली जगाच्या लक्षात राहिली. कापडाची कोठारं कुणाच्या गावीही नव्हती. इंकांच्या अभ्यासाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाला मी या दुसऱ्या दाराने आत नेणार आहे, कारण मला ते जास्त खरं वाटतं. सोनं त्या राज्याची शोभा होती. राज्य चालत होतं ते लोकर, कापूस आणि गवत यांच्यावर, आणि त्यांना पीळ देणाऱ्या लाखो हातांवर. सुतावरून स्वर्ग गाठू नये हे अभ्यासकाला पहिल्या दिवशी शिकवतात. इथे मात्र सुतावरून साम्राज्यापर्यंत जाता येतं.

नकाशा आधी थोडक्यात. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून मध्य चिलीपर्यंत, साधारण चार हजार किलोमीटर लांबीची, अँडीज पर्वताच्या कण्याला धरून पसरलेली ही सत्ता. तिचं नाव तावान्तिनसुयू, म्हणजे चार सुयूंचं, चार प्रांतांचं मिळून झालेलं राज्य. राजधानी कुस्को, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर. 15व्या शतकात पाचाकुती नावाच्या राजापासून विस्ताराला वेग आला आणि स्पॅनिश आले तेव्हा या साऱ्याला जेमतेम शंभर वर्षं झाली होती. लोकसंख्येचे अंदाज एक कोटीच्या आगेमागे फिरतात. जुनी पाठ्यपुस्तकं यानंतर लगेच उणिवांची यादी देत: लोखंड नाही, गाडीचं चाक नाही, नाणं नाही, लिपी नाही. मला ही यादी कधीच पटली नाही. घोड्यावरून आलेल्या माणसाने आपल्या पडशीत काय होतं ते मोजलं आणि समोरच्याकडे ते नाही म्हणून टिपून ठेवलं, एवढाच तिचा अर्थ. नाणं नव्हतं, तर एक कोटी माणसांचं राज्य चाललं कशावर, हा खरा प्रश्न.

तो प्रश्न नीट विचारणारा माणूस म्हणजे जॉन मुरा. ओडेसात जन्मलेले, स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले मुरा यांनी 1956 मध्ये शिकागो विद्यापीठाला इंका राज्याच्या अर्थव्यवस्थेवर प्रबंध सादर केला, आणि 1962 मध्ये कापडावरचा त्यांचा निबंध आला. या विषयात एकच निबंध वाचायचा असेल तर मी तोच सुचवीन. त्यांचं म्हणणं असं: इंका राज्य शेतकऱ्याच्या घरच्या कणगीला हात लावत नसे. ते त्याच्याकडून वेळ घेई. गावातली माणसं आयल्यूत, म्हणजे जमीन सामाईक असलेल्या भाऊबंदकीत बांधलेली असत. एकमेकांच्या शेतावर राबण्याची फेड राबूनच करायची, ही आयल्यूची जुनी रीत. राज्याने तीच रीत उचलून तिला अवाढव्य केलं. राजाच्या आणि सूर्यदेवाच्या जमिनी कसायच्या, रस्ते बांधायचे, सैन्यात जायचं, कापड विणायचं. पाळी आली की घरटी माणूस द्यायचा. या पाळीला मिता म्हणत.

ही व्यवस्था जवळून बघायची तर 1549 सालचा एक स्पॅनिश तपासणी-कागद उघडावा. वानुको भागातल्या चुपाचू लोकांनी, आपण इंकाला काय देत होतो, ते गाठींच्या दोऱ्या समोर ठेवून सांगितलं. कुस्कोत भिंती बांधायला 400 जण. उंची कापड विणायला 400. पिसं गोळा करायला 120, मध आणायला 60. आणि मेलेल्या तोपा इंका राजाच्या देहाची राखण करायला 150. या शेवटच्या आकड्यापाशी थांबून पाहावं. कुस्कोचे राजे मेल्यावर निवृत्त होत नसत. त्यांचे वाळवून जपलेले देह आपापल्या वाड्यात राहत, सणाला चौकात येऊन बसत, त्यांना खाऊपिऊ घातलं जाई, त्यांच्या जमिनी त्यांच्याच नावावर राहत आणि वंशज त्या सांभाळत. जिवंत राजाला बापाचं राज्य मिळे, पण बापाची मिळकत मिळत नसे. नव्या मुलूखगिरीमागे हेही एक कारण असावं असं काही अभ्यासक मानतात. मला ते एकटं पुरेसं वाटत नाही.

आता कापड. ते दोन प्रतींचं असे. रोजच्या वापराचं जाडंभरडं आवास्का आणि उंची कोम्पी. घराघरात बायका चालता-बोलताना, लामांमागे फिरताना चातीवर सूत काढत. राज्य आपल्या कळपांची लोकर आणि आपल्या शेतातला कापूस घरोघर वाटे आणि त्याचं विणलेलं कापड परत घेई. कोम्पी विणणारे कसबी पुरुष वेगळे असत. आणि गावोगावच्या मुलींमधून निवडून आणलेल्या, मठासारख्या वाड्यांत बंदिस्त राहणाऱ्या आक्याकुना बायकाही ते विणत. कोम्पीचं विणकाम इतकं घट्ट की सुलटी बाजू कोणती आणि उलटी कोणती ते ओळखू येत नाही. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संग्रहात एक अंगरखा आहे. छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीत निराळी भौमितिक खूण, अख्ख्या अंगभर. या खुणांना तोकापू म्हणतात. त्यांत पटावरच्या सोंगट्यांच्या घरांसारखी काळी-पांढरी चौकटही आहे. तशाच नक्षीचे अंगरखे इंका सैनिक घालत, असं वर्णन सापडतं. सारा मुलूख आणि सारं सैन्य एका अंगरख्यात अंगावर घेऊन राजा बसत असेल, असा तर्क करण्याचा मोह होतो.

मुलूख जिंकला की तिथल्या सरदाराला, कुराकाला, राजाकडून कापड भेट येई. ते अंगावर घेणं म्हणजे मांडलिकी पत्करणं. सैनिकाचा मोबदला कापडात. लग्नाला कापड, प्रेताबरोबर कापड, देवापुढे जाळायचं तेही कापड. माघार घेणारं सैन्य शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून कोठारं पेटवून देई. पैसा नसलेल्या राज्यात पैशाची निम्मी कामं कापड करत होतं, आणि पैशाला कधी न जमलेलं एक कामही करत होतं: ते अंगावर दिसत होतं. माणूस कुठल्या मुलखातला हे त्याच्या डोक्यावरच्या पट्ट्यावरून आणि पेहरावावरून ओळखू येई, आणि तो पेहराव बदलायची मुभा नव्हती. पुरुषाचा उनकू, म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा. बाईचं अंगाभोवती गुंडाळलेलं वस्त्र, खांद्यावरची यिक्या आणि ती अडकवायला तुपू नावाची लांब टाचणी. रात्री निजायचं तेही याच कपड्यांत.

घर म्हणजे बहुतेकांचं एका खोलीचं, दगडाचं किंवा कच्च्या विटांचं, वर इचू गवताचं छप्पर. खिडक्या नाहीत, थंडी आत शिरू नये हा साधा हिशेब. चुलीपाशी कुई, म्हणजे गिनीपिग, मोकळे फिरत. उरलंसुरलं खाऊन वाढायचे आणि सणाला ताटात यायचे. कुस्कोच्या त्या प्रसिद्ध, सुरीचं पातं शिरणार नाही अशा भिंती राजवाड्यांच्या आणि देवळांच्या. पर्यटक त्याच पाहून येतात आणि सगळे इंका तशा भिंतींत राहत होते असं समजतात. माचू पिचूही सर्वसाधारण शहर नव्हे. ती एका राजघराण्याची डोंगरातली खासगी मालमत्ता होती. 1911 मध्ये हायरम बिंगहॅम तिथे पोचला तेव्हा त्या पायऱ्यांच्या शेतांत स्थानिक कुटुंबं पिकं घेत होती, एवढं ‘शोधा’बद्दल पुरे.

अन्नाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण या प्रदेशाची खरी बुद्धी तिथे दिसते. अँडीजमध्ये उंची बदलली की हवामान बदलतं आणि हवामान बदललं की पीक. वर पठारावर लामा-अल्पाकांचे कळप, थोडं खाली बटाटा, ओका, उल्यूको अशी कंदमुळं आणि किन्वा, आणखी खाली मका, आणि ऊबदार उतारांवर मिरची, कापूस, कोका. एकाच उंचीवर बसून कुणाचंच भागत नाही. टिटिकाका सरोवराकाठच्या लुपाका लोकांची 1567 मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्याने तपासणी केली, तेव्हा दिसलं की पठारावर राहून त्यांनी आपली काही कुटुंबं कित्येक दिवसांच्या वाटेवर, खाली समुद्रकाठच्या खोऱ्यांत वसवली आहेत. मका आणि कापूस तिथून वर येई. बाजार आणि व्यापारी यांच्यावाचून अन्नाची देवघेव करण्याची ही तऱ्हा मुरा यांनीच पहिल्यांदा नीट मांडली. समुद्रकिनाऱ्यावर, विशेषतः चिंचा खोऱ्यात, व्यापारी होतेच असा आक्षेप पेरूच्या इतिहासकार मारिया रोस्त्वोरोव्स्की यांनी घेतला. तो रास्त आहे. डोंगराचा नियम किनाऱ्याला लावू नये.

बटाटा टिकवण्याची युक्ती तर अजून चालू आहे. जून-जुलैत पठारावर रात्री कडक गोठण पडते आणि दिवसा लख्ख ऊन असतं. लहान, बरेचदा कडू जातीचे बटाटे सपाट गवतावर पसरून ठेवतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, सकाळी उन्हाने मऊ पडतात. मग घरातली माणसं अनवाणी पायांनी ते तुडवतात; आतलं पाणी आणि कडवटपणा निघून जातो, सालंही सुटतात. असं काही दिवस चाललं की काळपट, हलका, वाळलेला चुन्यो तयार होतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. पांढरा प्रकार हवा असेल तर तेच बटाटे वाहत्या गार पाण्यात कित्येक दिवस बुडवून मग वाळवतात. बटाट्याचं मोठं वजन म्हणजे पाणी. ते निघून गेलं की लामाच्या पाठीवर तेवढ्याच ओझ्यात कितीतरी जास्त अन्न मावतं, आणि सैन्य दूरवर जाऊ शकतं. इंकांची कोठारं या चुन्योने भरलेली असत.

मराठी घराचा या खंडाशी एक जुना, न बोललेला संबंध आहे. उपासाची थाळी समोर घ्या: बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा, राजगिरा, हिरवी मिरची. यांतली एकूण एक वस्तू मूळची अमेरिका खंडांतली. पोर्तुगीज जहाजं गोव्याच्या किनाऱ्याला लागण्याआधी आपले पूर्वज उपासाला काय खात होते, हा प्रश्न एकादशीला विचारून बघावा.

मक्याची मुख्य कामगिरी भाकरीत नव्हती. ती चिचा नावाच्या आंबवलेल्या पेयात होती, आणि चिचावाचून राज्याला काम करून घेता येत नसे. गावात ज्याच्या शेतावर राबायचं त्याने राबणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं, ही अट राजालाही लागू होती. वानुको पाम्पा या डोंगरातल्या सरकारी ठाण्यावर क्रेग मॉरिस यांनी उत्खनन केलं, तेव्हा टेकडीवर ओळीने बांधलेल्या जवळजवळ 500 कोठारांचे पाये मिळाले, आणि खाली मोठ्या चौकाभोवतीच्या इमारतींत मोठमोठ्या रांजणांच्या खापरांचा खच. राज्य इथे पंगती घालत होतं. लाकडी केरो पेले नेहमी जोडीने केले जात: एक यजमानाचा, एक पाहुण्याचा. एकट्याने पिणं शिष्टाचारात बसत नसे. स्पॅनिशांनी मिता हे नाव ठेवलं आणि पंगत काढून टाकली. 1570 च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी जी मिता लावली, ती निखळ वेठबिगार होती.

म्हणून आधीचा काळ सुवर्णयुग होता असं मानण्याची चूक मात्र करू नये. ती चूक फार जुनी आहे. इंका राजकन्या आणि स्पॅनिश कप्तान यांचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा याने 1609 मध्ये लिस्बनला छापलेल्या ग्रंथात कुणीही उपाशी नसलेलं, न्यायी राज्य रंगवलं. पुढे 1928 मध्ये लुई बोदँ या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने त्याला समाजवादी साम्राज्य ठरवलं. प्रत्यक्षात डोईजड झालेल्या गावांतली माणसं मुळासकट उचलून शेकडो कोस दूर वसवली जात. कापाकोचा नावाच्या विधीत मुलांचे बळी दिले जात. 1999 मध्ये अर्जेंटिना-चिली सीमेवरच्या युयायाको ज्वालामुखीच्या शिखराजवळ, 6,700 मीटरहून अधिक उंचीवर तीन मुलांचे गोठलेले देह सापडले. त्यांतल्या सुमारे 13 वर्षांच्या मुलीच्या केसांची तपासणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. शेवटच्या वर्षात तिला कोका आणि चिचा वाढत्या प्रमाणात दिली जात होती, असं ते केस सांगतात. हे वाचून मन कडवट होतं. ते होऊ द्यावं. पण त्यापायी पुस्तक मिटू नये.

मग विश्वास कुणाच्या शब्दावर ठेवायचा? पूर्णपणे कुणाच्याच नाही. सिएझा दे लेओन हा सैनिक उघड्या डोळ्यांचा. त्याने रस्ते आणि कोठारं स्वतः पाहिली. हुआन दे बेतान्सोसने आतावाल्पाच्या घराण्यातल्या बाईशी लग्न केलं, त्यामुळे त्याच्याकडे घरची माहिती आहे आणि घरचे हेवेदावेही. माझा आवडता मात्र ग्वामान पोमा. या डोंगरी लेखकाने 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजाला जवळपास 1,200 पानांचं पत्र लिहिलं आणि त्यात 398 चित्रं काढली. राजाने ते वाचल्याचा पुरावा नाही. हस्तलिखित 1908 मध्ये कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात सापडलं, आणि आज ते अख्खं इंटरनेटवर फुकट पाहता येतं. नव्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी, भाषा येवो न येवो. पायाने दाबायचा नांगर रोवणारे पुरुष आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या बायका बघाव्यात. दोन हातांत दोऱ्यांचा जुडगा ताणून उभा असलेला हिशेबनीस बघावा. त्याच्या पायाशी कोपऱ्यात खड्यांनी मोजायचा फलक आहे.

हा दोऱ्यांचा जुडगा म्हणजे किपू. एक जाड मुख्य दोरी आणि तिला लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या, त्यांवर गाठी. लेलँड लॉक यांनी 1912 मध्ये दाखवून दिलं की गाठी दशमान पद्धतीने वाचता येतात: खालून वर एकं, दहं, शतं, आणि गाठ नसलेली मोकळी जागा म्हणजे शून्य. लिमाजवळच्या पुरुचुको इथल्या किपूंमध्ये एका संचातल्या बेरजा दुसऱ्या संचात वर चढवलेल्या आढळल्या. गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझीन यांनी ते 2005 मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे खालच्या कारकुनाचा हिशेब वरच्याकडे जात होता. या दोऱ्यांची ताकद सर्वांत ठसठशीत दिसते ती हाउहा खोऱ्यातल्या वांका सरदारांच्या खटल्यात. इंकांवरच्या रागाने हे लोक 1533 मध्येच स्पॅनिशांना मिळाले होते. 1561 मध्ये त्यांनी लिमाच्या न्यायालयात किपू उघडले आणि मागच्या जवळजवळ तीस वर्षांत स्पॅनिशांना काय काय दिलं ते वाचून दाखवलं: लामा, कापड, मका, बटाटे, पायताणं, पाखरं, शिवाय काय चोरलं गेलं तेही, वेगळं. न्यायालयाने ते कागदावर उतरवून घेतलं.

आकड्यांपलीकडे किपूंमध्ये शब्द, नावं, गोष्टी होत्या का, यावर आज सगळ्यांत जोराचा वाद आहे. त्यासाठी ग्रंथालयाइतकंच गावांत जावं लागतं, कारण पीळ कुठल्या दिशेचा आणि तंतू कुठल्या जनावराचा हे बोटांना कळतं. आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल गवताचा आहे आणि चार गावं दर जूनमध्ये तो नव्याने बांधतात. घरटी ठरल्या लांबीची बारीक दोरी येते, त्यांचे जाड दोर वळले जातात, सहा मुख्य दोर दरीवर ओढले जातात आणि जुना पूल कापून नदीत सोडतात. साथीमुळे 2020 चं काम चुकलं आणि मार्च 2021 मध्ये पूल कोसळला. जूनमध्ये गावांनी तो पुन्हा उभा केला. याच डोंगरातले शेतकरी जूनच्या अखेरीस पहाटे कृत्तिकांचं तेज बघून बटाट्याची लावणी कधी करायची ते ठरवतात. अंधूक दिसल्या तर लावणी पुढे. 2000 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने यामागचं कारण सांगितलं: एल निनोच्या वर्षी उंचावर पातळ ढग येऊन तारे मंदावतात, आणि त्या वर्षी पाऊसही कमी पडतो. अर्थात आजचा शेतकरी म्हणजे जिवंत ठेवलेला इंका नव्हे. मधली पाचशे वर्षं त्यानेही जगून काढली आहेत.

अभ्यास किती वेगाने हलतो आहे त्याचा ताजा दाखला 2025 चा. एका किपूची मुख्य दोरी माणसाच्या केसांची निघाली, साधारण 1498 सालची. किपू करणारा स्वतःचे केस त्यात गुंफून जणू सही करत असावा, असं सबीन हायलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मत. आजवरची समजूत अशी की गाठींचे हिशेब ठेवणारे दरबारी अधिकारी होते, मांस आणि मक्याच्या चिचावर पोसलेले. या केसांच्या रासायनिक तपासणीत मात्र मांस आणि मका फारसे आढळले नाहीत. कंदमुळं आणि पालेभाज्या आढळल्या, साध्या कुणब्याचं जेवण. किपू करणं दरबारापुरतं होतं हे वाक्य त्यामुळे पुस्तकांतून खोडावं लागेल, किंवा निदान त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावं लागेल. जगभरच्या संग्रहांत हजारावर किपू पडून आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची अशी तपासणी अजून झालेली नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याला कामाची वाण पडणार नाही.